आभाळाला घाबरणारे इंगळेकाका

रस्ता ओलांडताना माणूस डावीकडे-उजवीकडे बघतो. आमचे इंगळेकाका उंबऱ्यावर थांबून वर बघतात. आभाळ नीट न्याहाळतात आणि मग झपाझप अंगण ओलांडतात. दूधवाला असो की मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना त्यांचा एकच सवाल: "वर पाह्यलं का?"

काका बसच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. काकू वारल्यापासून घरात एकटेच. मी कोकणातला, आठवीत शाळा सोडलेला. अकोल्यात डाळ मिलवर कामाला आलो तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. काकांनी अंगणातली टिनाची खोली दिली, आणि माझी चूल पेटेपर्यंत जेवणही दिलं. ते मी विसरत नाही. म्हणून त्यांना हसायचं झालं तरी तोंड फिरवून हसतो.

हे वेड लागलं त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. उन्हाळा होता. काका पाइपनं कूलर भरत होते, मी मिलवरून येऊन हातपाय धूत होतो. एकदम आभाळात जळते गोळे दिसले. एकामागे एक, ओळीनं, प्रत्येकामागे ठिणग्यांची लांब शेपूट. आवाज मात्र अजिबात नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. मला वाटलं विमान पेटलंय, आत माणसं असतील. गल्लीतली पोरं गच्चीवर मोबाइल धरून ओरडत होती. काका पाइप धरून तसेच उभे.

"पडून राह्यलं रे बाबू... आपल्यावरच पडून राह्यलं!"

कूलर भरून वाहिला, पाणी घरात शिरलं, चपला तरंगायला लागल्या, तरी काकांच्या हातातला पाइप सुटेना.

दुसऱ्या दिवशी कळलं, ते वापरून झालेल्या रॉकेटचे तुकडे होते, जळत खाली आलेले. मी धीर द्यायला म्हटलं, "काका, जुनं होतं हो ते."

"मंग तं आणखीनच भेव हाय! वर्कशॉपात जिंदगी गेली माही. जुनंच निखळते. आन् वर किती जुनं फिरून राह्यलं, कोनाले मालूम?"



मग एका सकाळी अंगणात पत्र्याची गोल चकती सापडली. काकांनी तिच्यावर घमेलं पालथं घातलं, वर विटा रचल्या. न्हाणीकडे जायची वाटच बंद! दुपारी शेजारच्या शोभाताई आल्या.

"भाऊ, माह्या टाकीचं झाकन उडालं वाऱ्यानं. द्या ते."

"आधी घरी जाऊन पाहा, तुमचं झाकन जाग्यावर हाय का!"

"अवो, तुमी इथं घमेल्याखाली कोंडलं, तं ते तिथं कसं राहीन?"

गल्ली हसली, मीही हसलो. पण रोज ऐकून ऐकून ती भीती माझ्यातही उतरली होती. काकांच्या डोक्यावर निदान स्लॅब होता, माझ्या डोक्यावर नुसतं टिन. उन्हानं ते तडतडलं की मी दचकून उठून बसायचो. आईला फोनवर सांगवत नव्हतं. शेवटी एका रविवारी पिशवी भरली. काम सुटलं तर सुटलं, गावी जाऊन काहीतरी बघू म्हटलं.

काका दारात आले. "काहून रे? कुठं चाल्ला?"

"टिनाखाली भीती वाटते, काका."

मला वाटलं समजावतील, नाहीतर चिडतील.  ते सरळ आत गेले, स्वतःची गादी गुंडाळून आणली आणि माझ्या खोलीत टाकली. माझी पिशवी उचलून स्लॅबच्या खोलीत नेऊन ठेवली. 

"आणि तुमच्यावर पडलं तर?"

"तू आवाज देत जाय मधामधात. बस."

तेव्हापासून सुट्टीच्या दुपारी टिन तडतडलं की मी इकडून हाक मारतो, "काका?" तिकडून लगेच येतं, "हाव रे, जित्ता हावो!"

गेल्या रविवारी ढग आले होते. टिन तापलं नाही, वाजलंही नाही. मी निवांत पडून होतो. बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला.

"बाबू... आज इचारलं नाही तू?"