बॉबिनवरचा निळा दोरा

शिंप्याच्या दुकानातून बायकोची मशीन चोरीला गेली, तेव्हा ठाण्यातल्या हवालदाराने आधी विचारलं, "बिल आहे?"

"पस्तीस वर्षांची मशीन आहे, साहेब. बिल कुठून असणार?"

"खूण काही?"

"बॉबिनवर निळा दोरा आहे, अर्धा. तिनेच भरलेला, जायच्या आदल्या आठवड्यात."

हवालदाराने नोंदवहीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्याची जेवायची वेळ झाली होती. "बिल शोधून आणा, मग लिहू."

शिंपी परत आला. दुकानात त्याची स्वतःची मशीन होती, पण हात चालेना. बायको जाऊन दीड वर्ष झालं, तरी तिच्या मशीनवर तो एकदाही बसला नव्हता. तो दोरा संपला की तिचं काहीच उरणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आता तर मशीनच गेली.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अर्ज लिहायला टपलेलाच असे. "भाऊजी, गप्प बसायचं नाही. खाली ऐकत नाहीत ना, मग वर लिहायचं. तारीख, वार, वेळ, सगळं टाकायचं." मंगळवारी दुपारी एक वाजता हवालदाराने कसं परत पाठवलं, याचं तीन पानी गाऱ्हाणं रजिस्टर पोस्टाने वरच्या कार्यालयात गेलं. वरच्यांनी ते चौकशीसाठी खाली पाठवलं. खाली म्हणजे त्याच ठाण्यात, आणि तिथे असले कागद त्याच हवालदाराच्या टेबलावर यायचे.

महिन्याभराने हवालदार दुकानात येऊन स्टुलावर बसला. चेहरा पार उतरलेला.

"माझ्याविरुद्धचा जबाब मलाच घ्यायचाय. तुम्ही सांगा, मी लिहितो."

शिंप्याला त्याची कीव आली. "राहू द्या, साहेब. मागे घेतो तक्रार."

"नका घेऊ." हवालदाराने टोपी काढली. "मशीन सापडलीय तुमची. चोरीनंतर तिसऱ्याच दिवशी. कुणीतरी नाल्याकाठी टाकून दिली होती. तक्रार नव्हती, म्हणून बेवारस ठरली. परवा लिलाव आहे. आज तुमचा अर्ज वाचला आणि ठाण्यातली बेवारस मालाची खोली उघडून बॉबिन पाहिली. निळा दोरा."

"मग द्या की."

"सापडायच्या आधी तुम्ही तक्रार द्यायला आला होतात, याचा कागद लागतो. तसा कागद हा एकच आहे, आणि यात मी तुम्हाला घालवून दिलं असं लिहिलंय." त्याने पेनाचं टोपण काढलं. "हे खरं म्हणालो, तर मशीन तुमची आणि चौकशी माझी. खोटं म्हणालो, तर मी सुटलो."

हवालदार खाली मान घालून लिहू लागला. अर्जदार सांगतात ते खरं आहे, असं त्याने लिहिलं. खाली दोन सह्या केल्या. एक जबाब घेणारा म्हणून, दुसरी ज्याच्यावर तक्रार आहे तो म्हणून.

दुसऱ्या दिवशी मशीन हातगाडीवरून दुकानात आली. आठवड्याने हवालदार आला, काखेत वर्दीची पँट घेऊन.

"सोमवारी मोठ्या साहेबांपुढे उभं राहायचंय. शिवण उसवलीय. वर्दी नीट नसली तर त्याचा ठपका वेगळा."

शिंप्याने पँट घेतली. स्वतःच्या मशीनकडे जाता जाता तो थांबला आणि बायकोच्या मशीनवर बसला. वरून वर्दीच्या रंगाचा दोरा ओवला, बॉबिन तशीच ठेवली.

"अहो, खालचा दोरा निळा आहे," हवालदार काळजीने म्हणाला.

"तो आतून येतो," शिंपी म्हणाला. "बाहेरून कुणाला दिसत नाही."