झिपरोबाचं पोट आणि रेशमाजीरावांचा रावस

एका जंगलात, तुमच्या आळीपेक्षा जरा कमी गोंगाटाच्या एका जंगलात, झिपरोबा नावाचं अस्वल राहत होतं. बसा नीट, बाळांनो. टक्कल पडलेल्या बाळांनी पुढे बसावं, म्हणजे मागच्यांना उजेड मिळेल.

तर हा झिपरोबा ओढ्यात बसून मासे धरायचा. गळ नाही, जाळं नाही. पाण्यात पंजा सोडून गप्प बसायचा. मासा जवळ आला की फटकन पंजा मारायचा. मासा काठावर आणि कालवण चुलीवर. असं अडाण्यासारखं त्याचं सुखात चाललं होतं.

त्याची मुलगी मधुली लग्नाची झाली होती. तिला स्थळ आलं ते थेट समुद्राकडच्या टेकडीवरून. मुलाचे वडील रेशमाजीराव. हे सुद्धा अस्वलच, पण रोज भांग पाडणारं. मुलगा चांगला होता. मधुलीला आवडलाही होता. एकाच मोहाच्या झाडाखाली दोघं बरेचदा 'चुकून' भेटली होती. आता अडायला काही कारण नव्हतं. म्हणून मोठ्या माणसांनी, चुकलो, मोठ्या अस्वलांनी ते शोधून काढलं.

"तुम्हाला छंद काय, झिपरोबा?" बैठकीत रेशमाजीरावांनी विचारलं.

"मासे धरतो."

"वा! कुठल्या समुद्रात?"

"ओढ्यात."

पोह्यांच्या बशीत कुणी पाय घालावा तशी बैठक गप्प झाली.

रेशमाजीराव खाकरले. "ओढ्यातला मासा पोटासाठी असतो, झिपरोबा. छंदासाठी समुद्र लागतो. खारं पाणी, लांब काठी आणि शेजारी चार प्रतिष्ठित मंडळी. येत्या पंचमीला आमची बोट निघते आहे. या तुम्ही. सोयरिकीचं तिथंच ठरवू."

पाहुणे गेल्यावर झिपरोबाची बायको जांभळाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"अहो, तिथं तोंड उघडायचं नाही. आणि पाण्यात पंजा घालायचा नाही. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"मग तिथं करू काय?"

"सगळे करतील ते करा. चार जनावरांत शोभा करून घेऊ नका म्हणजे झालं."

झिपरोबा वानराच्या दुकानात गेला. वानराने त्याला टोपी घातली. खिसेच खिसे असलेलं जाकीट चढवलं. काठी दिली, गळ दिले, गळांची पेटी दिली आणि पेटीवर घालायला एक लहान टोपी दिली.

"समुद्र कसा असतो रे?" झिपरोबाने विचारलं.

"ओला," वानर म्हणाला. त्याने समुद्र पाहिला नव्हता. पण दुकानदार आणि समुद्राची गाठ पडलीच पाहिजे असं कुठे आहे?

पंचमीला सकाळी जांभळाईने नवऱ्याला मध, नाचणीच्या भाकऱ्या आणि मोहाची फुलं असं गळ्यापर्यंत जेवू घातलं. उपाशी पोटी परीक्षेला जाऊ नये म्हणून.

बोटीवर कोल्हे, तरस, रानडुकरं अशी तोबा गर्दी होती. गव्हाणीला गुरं उभी राहतात तशी सगळी प्रतिष्ठित मंडळी कठड्याला खांद्याला खांदा लावून उभी होती. बोटीचा तांडेल होता बुडक्या नावाचा पाणकावळा.

"ऐका शेठलोक!" बुडक्या ओरडला. "घंटा झाली की गळ खाली सोडायचा. पुन्हा घंटा झाली की वर घ्यायचा. मधे कुणी शहाणपणा करायचा नाय!"

शाळेत असताना ज्यांनी घंटेला कधी जुमानलं नव्हतं, त्या सगळ्यांनी घंटेसरशी गळ सोडले. सुटीच्या दिवशी, हौसेने.

"मनगट सैल," रेशमाजीराव झिपरोबाच्या कानाशी म्हणाले. "नजर लांब. मासा आधी मनात धरायचा असतो. बोटीवर येताना आमच्या दिवाणखान्यातला फोटो पाहिलात ना? केवढा रावस!"

एवढ्यात तरस किंचाळला, "लागला! लागला!"

बोटीच्या दुसऱ्या कडेने कोल्हा किंचाळला, "मलाही लागला! काय जोर आहे हो!"

"माझा रावसच आहे!"

"माझा त्याच्याहून मोठा!"

दोघांनी घाम गाळला. दोघांची तारीफ झाली. घंटा झाल्यावर दोघांनी गळ वर घेतले, तेव्हा बोटीखालून दोघांच्या दोऱ्या एकमेकींत अडकलेल्या निघाल्या. सकाळभर कोल्ह्याने तरसाला ओढलं होतं आणि तरसाने कोल्ह्याला. सार्वजनिक कामात असं होतं, बाळांनो. हसू नका.

मासा मात्र एकालाही लागला नाही. बोट डुलत राहिली. आणि झिपरोबाच्या पोटात भाकऱ्या उठून बसल्या.

त्याने दात आवळले. तोंड उघडायचं नाही! त्याला मधुली आठवली, मोहाचं झाड आठवलं. दोन्ही पंजे त्याने तोंडावर दाबले. त्यात हातातली काठी समुद्रात गेली.

"झिपरोबा, छंद बुडाला तुमचा," रेशमाजीराव थंडपणे म्हणाले. "मला वाटतं, सोयरिकीचा आपण फेरविचार..."

पुढचं झिपरोबाला ऐकू आलं नाही. त्याच्या पोटाने पोरीचा विचार केला नाही. कठड्यावरून ओणवं होऊन त्याने सकाळचं सगळं, आणि आदल्या रात्रीचंही थोडं, समुद्राला अर्पण केलं.

मंडळींनी नाकं मुरडली. आणि पाणी उकळायला लागलं.

बांगडे आले, शिंगाळे आले, तांबोशी आल्या. मध-भाकरीचा फराळ समुद्रात कोण घालतो एरवी? ज्याच्या त्याच्या गळाला मासा! तरसाला लागला, कोल्ह्याला लागला. बुडक्या तांडेलाने तर घंटा टाकली आणि स्वतःच पाण्यात सूर मारला. बोट आता कोण सांभाळतंय, हे विचारायला फुरसत कुणाला होती?

फक्त रेशमाजीरावांना काही लागेना. त्यांच्या गळाला आमिषच नव्हतं. ओणव्या झिपरोबाला ते वरून स्वच्छ दिसत होतं. रेशमाजीराव सकाळपासून समुद्रात नुसता खिळा बुडवून उभे होते.

आणि तेवढ्यात एक दांडगा रावस झिपरोबाच्या नाकासमोर आला.

पंजाने बायकोला विचारलं नाही. फटकन! रावस येऊन रेशमाजीरावांच्या पायांवर आदळला.

"चुकलं हो!" झिपरोबाने पंजा पाठीमागे लपवला. "सवय आहे मेली. पुन्हा नाही करणार."

रेशमाजीरावांनी रावसाकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळे आपापल्या माशात दंग होते. रेशमाजीराव सावकाश खाली वाकले आणि आपला गळ त्यांनी अलगद रावसाच्या तोंडात अडकवला.

मग बोट हादरेल असे ओरडले, "लागलाऽऽऽ!"

फोटो निघाला. रावस छातीशी, भांग जागेवर. झिपरोबाला दिवाणखान्यातला जुना फोटो आठवला. त्यात कडेला कुणाचा तरी अर्धा पंजा दिसत होता, तोही आठवला. पण तोंड उघडायचं नव्हतं.

"व्याहीबुवा," रेशमाजीराव गोड आवाजात म्हणाले. या एका शब्दाने सोयरीक पक्की झाली. "आम्हाला देणंघेणं काही नको. लग्नापर्यंत फक्त प्रत्येक फेरीला बोटीवर या. आणि जेवून या."

झिपरोबाचं नाव झालं. त्याच्या शेजारची जागा मिळावी म्हणून वशिले लागू लागले. सागरी मासेमारी शिकू पाहणारे तरणे कोल्हे झोपाळ्यावर उलटे बसून ओकण्याचा सराव करू लागले. वानराने तर ओकताना घालायची वेगळी टोपी काढली. ती खपली.

आणि मग घात झाला. फेऱ्या करून करून झिपरोबाचं पोट पक्कं झालं.

लग्नाआधीची शेवटची फेरी. पत्रिकेत छापलेलं होतं, 'भोजनात ताजा सागरी मासा'. सगळे गळ सोडून झिपरोबाकडे बघत होते.

"काय व्याहीबुवा, होतंय का?"

"नाही हो. अगदी बरं वाटतंय."

"प्रयत्न तरी करा! माणसाने, चुकलो, अस्वलाने इतकं आपमतलबी असू नये!"

बुडक्याने बोट मुद्दाम गदगदा हलवली. झिपरोबाला झोप लागली.

काठावर उतरल्यावर रेशमाजीराव म्हणाले, "पंगतीला मासा नसेल, तर लग्न पुढे ढकलावं लागेल. पुढे म्हणजे फार पुढे."

घरी झिपरोबा डोकं धरून बसला. मधुली जवळ आली.

"बाबा, तुम्हाला मासे धरता येतात ना?"

"येतात गं. तिथंच तर सगळा घोटाळा आहे."

"मग चला. तोंड बंद ठेवायला तुम्ही शिकलाच आहात."

पहाटे बापलेक ओढ्यात बसले. फटकन, फटकन. मधुलीचा पंजा बापाहून हलका निघाला. उजाडेपर्यंत टोपल्या भरल्या. मधुलीने मासे साफ केले आणि वर पसापसा मीठ चोळलं. 'पहाटे समुद्रावर पोट पुन्हा बिघडलं' एवढ्याच निरोपासह टोपल्या रेशमाजीरावांकडे गेल्या.

पंगत बसली. रेशमाजीरावांनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"ही खारी चव! हा समुद्र! ओढ्याच्या माशाला जन्मात तरी येईल का, व्याहीबुवा?"

झिपरोबाने तोंड उघडलं. जांभळाईने त्याच्या पायावर पाय दिला.

"छे हो," झिपरोबा म्हणाला. "ओढ्याचं पाणीच मुळात गोडं."

"मामंजी, अजून एक वाढू?" मधुलीने खाली मान घालून विचारलं. सुनेने मान खाली घातली म्हणून सासरे खूश झाले. ती हसू दाबत होती, हे त्यांना कोण सांगणार?

तात्पर्य: बाळांनो, समुद्रावर मासेमारी सुरू करायची असेल तर आधी टोपी घ्या आणि मग भरपेट जेवा. मासे धरायला मात्र शिकू नका. त्याने ठरलेली लग्नं मोडतात.