दुसऱ्यांची मुलं बाहेर काढणारे काका

कारखान्याच्या आमच्या पिपलानी कॉलनीत कुणाची मुलगी बारावी झाली, की लोक पेढे खायला येतात. आमचे शेजारी गोडबोले काका पेढा तोंडात टाकतात आणि विचारतात, "मग, हिला कधी काढताय घराबाहेर?"

काका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. बरोबरचे लोक बदल्या होऊन देशभर पांगलेले. त्या ओळखींवर काकांनी हा उद्योग मांडला. कॉलेजआधी मुलांनी एक वर्ष परक्या भाषेच्या घरात राहायचं, तिथे काहीतरी काम करायचं, आपले कपडे, आपली बँक, आपलं सर्दी-पडसं आपणच बघायचं. त्या घरचे लोक लक्ष ठेवणार, पण हात धरणार नाहीत. "पोहायला पाण्यातच उतरावं लागतं, सुधा," काका मला सांगायचे. "काठावर माणूस उभा करायचं काम माझं."

जायच्या आधी आठवडाभर जेवण काकांकडे, त्या मुलखाच्या पद्धतीचं. जो कुणी "आमच्याकडे असं नसतं" म्हणेल, त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. मी एकदा सोबत म्हणून गेले आणि ते सांबार तोंडात घेतल्याबरोबर बोलून बसले, "आमच्याकडे नाही बाई चिंचेचा एवढा मारा!" घासली की हो भांडी, परातीसकट!

कॉलनी हसायची, कारण काकांचा स्वतःचा नंदू चाळिशीला आला तरी घरातच. काकू गेल्यापासून बाप-लेक दोघंच. नंदू भला माणूस, कॉलनीच्या वाचनालयात काम करतो, पण एकटा कुठे जात नाही. इथं जवळ नेहरू नगरला दात दाखवायचा तरी काका स्कूटर काढतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मीसुद्धा म्हणायचे.

तरी माझी मुग्धा हट्टानं त्रिचीला गेली. काकांचे जुने सहकारी रंगराजन यांच्या घरी राहायचं आणि तिथल्या बालवाडीत मदत करायची. मी बॅगेत कुकर भरला होता, तो काकांनी स्टेशनवर काढून घेतला.

महिन्याभरात फोन. नुसतं रडणं. "आई, मला कुणाचं काही कळत नाही गं. न्यायला ये."

मी लगेच तिकीट काढायला निघाले, तर काका दारात आडवे. "थोडं थांब. रंगराजन आहे ना तिथे."

"तुमचं काय जातंय? पोर माझी आहे!"

काका बाजूला झाले, पण दुसऱ्या दिवशी नंदूचं जेवण माझ्या गळ्यात घालून, "इथंच मिसरोदला बहिणीकडे जातोय," म्हणून निघूनही गेले. नंदूला टाकून मला निघता येईना, अस्सा संताप आला! पण हळूहळू मुग्धाचा आवाज बदलला. चुकीच्या बसमध्ये बसली, कंडक्टरशी खाणाखुणांनी भांडली, आपली आपण घरी पोचली. "आई, आता नको येऊस," म्हणाली.

मग एके दिवशी काका परत आले आणि मागोमाग रंगराजनांचाच फोन. "गोडबोलेजी ठीक से पहुँच गए?"

"कहाँ से?"

"यहीं से! लॉज में थे. रोज बस स्टॉप के सामने बैठते थे, बच्ची को पता भी नहीं."

मी तडक काकांकडे गेले. ते पोळ्या लाटत होते. "अहो, एवढं लांब गेलात, मग भेटलात का नाही तिला?"

"ती 'घरी चला' म्हणाली असती, तर मी घेऊन आलो असतो गं." काकांचं लाटणं थांबलं. "नंदूला आणलाच ना. कॉलेजला गेला तेव्हा असाच रडला फोनवर. त्याच दिवशी गाडीत बसलो आणि घेऊन आलो. काय कौतुक झालं माझं! बाप असावा तर असा, म्हणाले सगळे. तो पुन्हा कुठे गेलाच नाही. माझ्यामागे कसं होणार त्याचं?"

तेवढ्यात नंदू वाचनालयातून आला आणि पाटावर बसला. "मुग्धा परत येतेय का हो वहिनी?"

"नाही रे, राहतेय ती."

"छान झालं," नंदू मनापासून हसला. "मीपण राहिलो असतो बहुतेक. रडून झाल्यावर."

काकांनी त्याच्या पानात गरम पोळी वाढली आणि कितीतरी वेळ ते तिच्यावर तूपच सोडत राहिले.