तेहतीस नारळ आणि एक लाट

पुरणाचा दुसरा धोंडा नको म्हणून मी हात धुवायला उठलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण अधिक महिन्यात सासुरवाडीला धोंड्याचं जेवण जेवायला बसलेला जावई सुखासुखी उठला, असं आमच्या परभणी जिल्ह्यात ऐकलंय का कधी तुम्ही? मी बसलो. बसलो म्हणून बोललो. बोललो म्हणून समुद्रात पडलो.

तर वालूरला सासऱ्यांच्या ओसरीवर आम्ही दोघं जावई शेजारी शेजारी पाटावर. मी महारुद्र, जिंतूरच्या एका सरकारी ऑफिसात आवक-जावक क्लार्क. बाजूला माझे थोरले साडू माणिकराव, खताचे दुकानदार. कुठल्याशा खतकंपनीनं यांना फुकटात बालीला फिरवून आणलेलं. तेव्हापासून हा माणूस वरणात लिंबू पिळतानासुद्धा "बालीत असं नसतंय" म्हणतो.

"हे बघा मामा," माणिकरावांनी मोबाईल थेट सासऱ्यांच्या ताटावर धरला. "हे गोरे लोक फळीवर उभं ऱ्हाऊन लाटंवरून येत्यात. सर्फिंग म्हंत्यात त्याला."

"तुमी ऱ्हायलाव का उभं?" सासऱ्यांनी, म्हणजे आश्रुबामामांनी विचारलं.

"ते आपल्या मराठवाड्याच्या माणसाचं काम न्हाई, मामा. आपल्याला पाणी फक्त टँकरमधलं ठाऊक."

सगळी ओसरी हसली. माझी बायको शिवकन्या तेवढी हसली नाही. तिनं अजून समुद्र पाहिलेला नव्हता. लग्न झाल्यावर मी तिला समुद्र दाखवतो म्हणून निघालो होतो आणि येलदरीचं धरण दाखवून परत आणलं होतं. (पाणी भरपूर होतं, हे मी आजही सांगतो.)

मला काय झालं कोण जाणे. धोंड्यावरचं तूप डोक्यात गेलं असावं.

"का बरं न्हाई?" मी कडाडलो. "मराठवाड्याच्या माणसाला पाय न्हाईत का? तुमच्या बालीला समदी दुनिया जाती. आमी दोघं जाणार असल्या बेटावर, ज्याचं नाव तुमच्या कंपनीलाबी माहीत नसंल. आन लाटंवर उभं ऱ्हायल्याचा फोटो आणीन. न्हाई आणला तर ह्याच वालूरच्या पारावर मिशी उतरवीन!"

सगळी ओसरी माझ्या मिशीकडं बघायला लागली. माझी मिशी बावीस वर्षांची आहे. घरात माझं कुणी ऐकत नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. पण मिशीकडं बघून लोक निदान ऐकल्यासारखं करतात. तीच मी दोन धोंड्यांच्या भरात पणाला लावून बसलो होतो.

तेवढ्यात सासूबाई, कमलबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "समुद्राला जायलाव का? मग वाण माझं." अधिक महिन्यातलं वाण तेहतिसाचं. अनारसे तेहतीस, बत्तासे तेहतीस. त्यांनी जागच्या जागी समुद्राला तेहतीस नारळ कबूल करून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सरावाला लागलो. जागा, मामांचं शेततळं. फळी, गोठ्याचं निखळलेलं दार. पाणी छातीएवढंच होतं, म्हणून भीती नव्हती. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो आणि त्यावर शेवाळ धरतं. म्हणजे आत जायला अगदी सोपं.

"आवं, गुडघे ढिले सोडा," काठावरून शिवकन्या म्हणाली. "आन पायाकडं नका बघू, म्होरं बघा."

"तुला काय कळतंय सर्फिंगमधलं?"

हे माझं पाण्याबाहेरचं शेवटचं वाक्य. दार एकीकडं गेलं, मी दुसरीकडं. वर आलो तो कागदावरून घसरून पुन्हा आत. परत चढलो, परत आत. अकरा वेळा! शेवटी मामांनी बैलाचा कासरा टाकला आणि चार गडी ओढायला लागले. माणिकराव मात्र ओढायचं सोडून "साडूभाऊ, जरा इकडं बघा" म्हणाले. मी बघितलं. सवय वाईट! कासऱ्याला लोंबकळणारा माझा फोटो दुपारपर्यंत जिंतूरपासून पिंगळीपर्यंत सगळ्या पाहुण्यांच्या मोबाईलवर होता. खाली लिहिलेलं, 'आमचे साडूभाऊ बालीत'.

मी शिवकन्येला म्हणालो, "राहू दे आता. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कशाला?" ती असली भडकली की बस्स. "लोक हसायलेत म्हणून समुद्र काय आटत न्हाई. आता तर जायचंच! हसू द्या मेल्यांना."

निघालो. मी निवडलेलं बेट अंदमानाच्याही खालच्या अंगाला होतं. नकाशावर बघितलं तेव्हा माशी बसली समजून मी आधी झटकून पाहिलं. मद्रासपर्यंत रेल्वे, मग तीन दिवस जहाज, मग आणखी एक बोट. सोबत धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि तेहतीस नारळांचं पोतं.

जहाजावरच्या साहेबानं पोतं दाबून विचारलं, "इसमें क्या है?"

"नारियल."

"कहाँ ले जा रहे हो?"

"अंदमान."

त्यानं आतून आणखी दोघांना आमच्याकडं बघायला बोलावून आणलं.

त्याला काय झालं ते बेटावर उतरल्यावर कळलं. बघावं तिकडं नारळ! झाडावर नारळ, वाटेवर नारळ, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू नारळाचा. शिवकन्येनं झाडांकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आईला सांगू नका," ती म्हणाली.

आणि मग तिनं जहाजावरून नव्हे, काठावर पाय भिजवून समुद्र बघितला.  वाळूत शंख उचलायला गेली, तर शंखाला पाय फुटून तो चालायला लागला. "आवं, शंख चालायलाय!" ती चाळिशीची बाई त्याच्यामागं पळत सुटली. मला लय बरं वाटलं. आणि येलदरीबद्दल थोडी लाजही वाटली.

सर्फिंग शिकवायला होते दासबाबू, पन्नाशीचे, तिथंच वाढलेले बंगाली गृहस्थ. त्यांना मी आमच्या परभणीच्या हिंदीत सांगितलं, "हमकू लाटपे खडा रहना है. जास्ती नहीं, फोटोपुरता." ते तीन दिवस मला लाटेवर घालत होते आणि लाट मला वाळूवर घालत होती. संध्याकाळी त्यांच्या घरी नारळाच्या रसातला मासा खायचा, त्यांच्या घरच्यांना आमचे धपाटे खाऊ घालायचे, त्यांची गाणी ऐकायची आणि नाकातलं खारं पाणी शिंकरायचं.

चौथा दिवस शेवटचा. दुपारी बोट सुटणार. मी बोर्ड घेऊन पाण्यात. काठावर शिवकन्येनं हळदकुंकू वाहून एकेक नारळ समुद्रात सोडला. तेहतीसच्या तेहतीस समुद्रानं परत आणून दिले.

"आईचं वाण माघारी आलं? असं कसं घेत न्हाई!" ती समुद्रावरच ओरडली, पदर खोचला आणि नारळ पुन्हा पोत्यात भरून आत शिरली.

इकडं मी एका गुडघ्यावर आलो होतो. दुसरा पाय टेकवला. मिशी वाचली, असं मनात आलं आणि तिच्या पोत्यातून निसटलेला हळदकुंकवाचा नारळ बोर्डाखाली आला. मी उताणा. बोर्ड तरंगत थेट शिवकन्येपाशी. तिनं त्याच्यावर नारळांचं पोतं ठेवलं, दासबाबूंना म्हणाली, "भैया, ढकलो," आणि लाटांच्या पार पलीकडं जाऊन वाण रिकामं करून आली.

येताना मागून लाट उठली. बाई बोर्डावर उभी राहिली! गुडघे ढिले, नजर म्होरं, तोंडानं बैल हाकल्यासारखं "हाऽऽ हाऽऽ" करत सरळ काठापर्यंत. दासबाबूंनी काठावरून मोबाईलवर खटाखट फोटो काढले.

"दीदी, कहाँ सीखा?"

"वालूरमें," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "पेरणीआधी ढेकळं फोडायला माझे वडील फळीला बैल जुंपायचे. वजन म्हणून मी उभी ऱ्हायची वर. तुमी विचारलाव का कधी?"

नव्हतं विचारलं.

वालूरच्या पारावर माणिकराव सगळं गाव जमवून बसले होते. शेजारी सिताराम न्हावी वस्तरा परजून तयार. मी छाती काढून फोटो पुढं केला. लाटेवर शिवकन्या, आणि तिच्या पायापाशी फेसात माझं डोकं, आ वासलेलं.

"ह्यात तुमी कुठं उभं हायत?" माणिकराव म्हणाले.

"मी फोटो आणीन म्हणलो होतो," मी मिशीला पीळ दिला. "कोण उभं ऱ्हाईल ते कुठं म्हणलो होतो? विचारा मामांना!"

मामा फोटोवरून नजर काढत नव्हते. "पोरगी माझी हाय," ते म्हणाले. "फोटो चालतो."

जिंकलो! पुढच्याच आठवड्यात वालूरच्या फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लागला. 'सौ. शिवकन्या यांनी लाटेवर स्वार होऊन वालूरचे नाव उंचावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. आश्रुबामामा, कमलबाई, माणिकराव आणि सगळ्यात शेवटी, सुपारीएवढ्या गोलात, मी. कासऱ्याला लोंबकळणारा. आणि मिशी नाही! फ्लेक्सवाल्याला गाठलं, तर तो म्हणाला, "माणिकरावांनी काढायला सांगितली, कॉम्प्युटरवर."

मी संतापानं लाल होऊन शिवकन्येला फाट्यावर घेऊन गेलो. म्हणलं, आता हीच माणिकरावांना सुनावील. तिनं मान वाकडी करून माझा गोल बराच वेळ निरखला.

"आवं," ती म्हणाली, "बरं दिसायलाव की असं. काढूनच टाका."

सिताराम अजून पारावरच बसलेला होता.