सर्जापूर रोडचा मॅनेजर मीच

सर्जापूर रोडवरचा आमचा फ्लॅट सांभाळायला प्रॉपर्टी मॅनेजर नेमायचा की नाही, हा प्रश्न मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत निकालात काढला. नेमायचा नाही. मॅनेजर घरातच असताना बाहेरून कशाला आणायचा? (घरातला मॅनेजर म्हणजे मी. हे आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे प्रमोदिनीला, दोनदा समजावून सांगावं लागलं.)

मी एकतीस वर्षं एका सरकारी कारखान्याच्या बॉयलर विभागात काढली आणि माझ्या कारकिर्दीत एकही बॉयलर फुटला नाही. एवढी वाफ ज्याने कह्यात ठेवली, त्याला दोन बेडरूमचा फ्लॅट जड जाणार होता का? प्रमोदिनीचं म्हणणं वेगळं. त्याच इमारतीतले आठ फ्लॅट श्वेता नावाची एक चटपटीत मुलगी सांभाळते. गळक्या नळापासून करारापर्यंत सगळं ती बघते आणि मालकांनी नुसतं आरामात बसायचं असतं. पण आरामात बसायचाच तर मला वीट आला होता. निवृत्त झाल्यापासून माझी सही फक्त कुरिअरवाल्याला लागते, आणि खरं सांगतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. हा फ्लॅट म्हणजे माझ्याकडे उरलेलं शेवटचं डिपार्टमेंट होतं.

आधीचे भाडेकरू जाऊन चार महिने झाले होते. (मी दर रविवारी तपासणीला जायचो म्हणून ते पळाले, असं प्रमोदिनीचं मत. मी फक्त टॉर्च आणि रजिस्टर न्यायचो.) शेवटी आमच्यात तह झाला. या वेळचे भाडेकरू माझ्या हातून टिकले तर मॅनेजर मी, नाहीतर किल्ल्या श्वेताकडे.

आणि या कन्नड मुलखात भाडेकरू मिळाले तेही मराठी! प्रदीपकुमार, त्याची बायको रूपश्री आणि आई तुंगाबाई. चार पिढ्या शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटेत गेलेलं घराणं, त्यामुळे बोलतात मराठी, पण मध्येच कन्नड कधी सुरू होतं ते त्यांनाही कळत नाही. प्रदीपकुमारचं ऑफिस सर्जापूर रोडला, आणि त्याचं निम्मं तारुण्य वाटेतल्या सिल्क बोर्डच्या तुंबलेल्या सिग्नलला खर्ची पडत होतं. तुंगाबाईंनी येऊन सगळ्या दिशा तपासल्या. स्वयंपाकघर आग्नेयेला निघालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मी नम्रपणे मान खाली घातली, जणू विटा मीच वाहिल्या होत्या. गुरुवारी सकाळी नऊ दहा ते नऊ तीस असा मुहूर्त निघाला. त्या वेळात नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं आणि मगच करारावर सह्या करायच्या.

गुरुवारी मी सातलाच हजर. सगळे नळ सोडून पाहिले, बंद करून पाहिले. पाहुणे शेगडी, सिलिंडर आणि हळदकुंकू लावलेलं नवंकोरं पातेलं घेऊन आले. रेग्युलेटर अर्थातच मी बसवला. त्यानंतर मी शेगडीला चिकटूनच उभा राहिलो आणि मला बाजूला व्हा म्हणायचा धीर कुणाला झाला नाही. तुंगाबाईंनी श्लोक सुरू केला. सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मी मिटले नाहीत. जबाबदार माणूस पेटत्या गॅससमोर डोळे मिटत नाही.

दूध वर येऊ लागलं. आता, मला ही रीत ठाऊक नव्हती अशातला भाग नाही. आमच्या वास्तुशांतीलाही दूध उतू गेलंच होतं. पण एकतीस वर्षं बॉयलर आणि चौतीस वर्षं प्रमोदिनी, दोन्हीकडून मला एकच शिस्त लागलेली आहे. वर येतंय असं दिसलं की आधी खालचा जाळ बंद. मी झडप घालून गॅस बंद केला, दुधावर सणसणीत फुंकर मारली आणि मोठ्या समाधानाने म्हणालो, "वाचलं."

श्लोक थांबला. दूध निमूटपणे खाली बसलं.

"असं का केलात हो अण्णा?" तुंगाबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. "ते उतू जायलाच पाहिजे होतं. त्याच्यासाठीच आलतो की आम्ही."

"स्वल्प थांबा अक्का, अजून वेळ आहे," मी म्हणालो. (संकटात माझं कन्नड सुधारतं.) मी स्वतःच्या हाताने गॅस पुन्हा पेटवला आणि आच मोठी केली. घड्याळात नऊ सव्वीस झाले होते. सत्तावीसला कडेला बुडबुडे आले. अठ्ठावीसला साय फुगली. रूपश्रीने श्वास रोखला, दूध काठाला टेकलं, आणि काय सांगू, माझा हात पुन्हा गेला.

या वेळी मी "वाचलं" म्हणालो नाही.

मुहूर्त संपला. रूपश्री पातेलं पुसायला लागली. प्रदीपकुमारने अतिशय अदबीने सांगितलं, की विचार करून फोन करतो. या वाक्याचा अर्थ मला चांगला कळतो, नोकरीत मी ते शेकड्याने वापरलं आहे. माझं डिपार्टमेंट माझ्या डोळ्यांदेखत बंद पडत होतं, आणि तेही माझ्याच हाताने.

तेवढ्यात दारात श्वेता उभी दिसली. वरच्या मजल्यावर जाता जाता सहज डोकावले, म्हणाली. तिने झाला प्रकार ऐकला, मोबाइलवर पंचांग उघडलं आणि तुंगाबाईंच्या शेजारी खाली फरशीवर बसली. "अज्जी, बाराच्या सुमाराला अभिजित मुहूर्त आहे. आणि दूध दोनदा वर आलं म्हणजे लक्ष्मी दोनदा घर बघून गेली. तिला पसंत नसतं तर दुसऱ्यांदा आली असती का?"

तुंगाबाईंनी एकदा पातेल्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"सरी," त्या म्हणाल्या. "पण तवर हे अण्णा खाली थांबतील. आणि पुढं घराचं काय असेल ते आम्ही या पोरीलाच सांगणार."

बारा वाजता मी गेटवर सिक्युरिटीवाल्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलो होतो. वरून आनंदाचा गलका ऐकू आला. थोड्या वेळाने रूपश्रीने माझ्यासाठी पेलाभर दूध खाली पाठवलं, वेलची घालून. करारावर मी गेटवरच, व्हिजिटरच्या वहीवर कागद ठेवून, सही केली. मालक म्हणून माझी सही लागलीच, एवढं मात्र मी आवर्जून नमूद करतो.

घरी परतताना रिक्षात मी सगळ्याचा नीट विचार केला आणि दारातूनच प्रमोदिनीला माझा निर्णय ऐकवला. मॅनेजर नेमायचा. सकाळभर त्या मुलीचं काम जवळून पारखलं, मुलगी हुशार आहे, माझी मंजुरी आहे.

प्रमोदिनी मटार सोलत होती. "तिला मी सोमवारीच नेमलंय," ती म्हणाली.

"सोमवारीच? मग आज मला तिकडे जाऊ कशाला दिलंस?"

"तीच म्हणाली, जाऊ द्या. काम हातात घ्यायच्या आधी तिला प्रॉपर्टीत बिघाड नेमका कुठे आहे ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं."