मावशी आलेखात बसत नाहीत

फोटो घरीच काढायचा, असं नवऱ्याने ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. सासूबाईंची धाकटी बहीण नऊ वर्षांनी आली होती, तीही दोन दिवसांसाठी, आणि चारला तिला न्यायला गाडी येणार होती. "आम्हा दोघींचा एक धड फोटो नाही रे," असं सासूबाई सकाळपासून तीनदा म्हणाल्या होत्या. नव्या सुनेला त्यातून एवढं कळलं, की हा फोटो निघायलाच हवा. (नवऱ्याला एवढंच कळलं, की नवा कॅमेरा बाहेर काढायला निमित्त मिळालं.)

तीन वाजता बाहेरच्या खोलीत कॅमेरा तिपाईवर चढला.

"डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही," नवऱ्याने सगळ्यांना बजावलं. "कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपऱ्यात हा आलेख दिसतो ना, तो बघायचा. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. आलेखाचा डोंगर मधोमध हवा. उजव्या कडेला टेकला की पांढरं जळालं, फोटोत नुसता कोरा डाग."

डोंगर टेकलाच होता. मावशींनी तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली. पांढऱ्याशिवाय दुसरा रंग त्या अंगाला लावून घेत नसत.

"मावशी, तुम्ही जळताय."

"मी? पंख्याखाली तर बसलेय."

मग भर उकाड्यात त्यांच्या अंगावर सासूबाईंची काळी शाल आली. आलेख डावीकडे घरंगळला. शाल अर्धी उतरवली, तोवर सासरे येऊन बसले आणि त्यांच्या टकलाने उजवी कड गाठली. टकलावर पावडर थापली, तर ते आणखीच उजळलं. शेवटी टोपी आली.

"स्वतःच्या घरात डोकं झाकून बसायची वेळ आली," सासरे भिंतीला म्हणाले.

"तू मध्ये ये," नवरा बायकोला म्हणाला. "तुझा ड्रेस राखाडी आहे. तू अगदी मध्यम आहेस."

लग्नाला दोन महिने झाले होते. त्याने केलेली ही पहिली स्तुती.

ती मध्ये उभी राहिली. डोंगर जरा सावरला. मग "मावशी, किंचित डावीकडे... अजून किंचित" असं सुरू झालं, आणि पाच मिनिटांनी नवऱ्याचा चेहरा फुलला. "जमलं. असा आलेख पुस्तकातसुद्धा नाही."

"मावशी कुठे आहेत पण?" तिने हळूच विचारलं.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"तू आलेख बघ ना," नवरा म्हणाला.

इतक्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. सासूबाई शालीची घडी घालू लागल्या. "राहू दे रे आता," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज असा काही पडला, की नवी सून पहिल्यांदाच कुणाला न विचारता पुढे झाली. तिने दोघी बहिणींना शेजारी बसवलं, तसा डोंगर पुन्हा उजव्या कडेला टेकला.

"अहो, हे चाक कशाचं?"

"उजेड कमी-जास्त करायचं. तू हात लावू नकोस."

तिने ते दोन घरं मागे फिरवलं. डोंगर मुकाट्याने कडेवरून उठला आणि मधोमध येऊन बसला. (गेला तासभर नवऱ्याने घरातलं माणूस न् माणूस हलवलं होतं. हलवायचं राहिलं होतं ते एवढं चाक.) तिने बटणावर बोट ठेवलं.

"थांब, मी पण," म्हणत नवरा कडेकडून धावत आला, तोवर बटण दाबलं गेलं.

फोटो झकास आला. मावशींच्या पांढऱ्या कपड्यांवरची चुणी न् चुणी दिसते, आणि दोघी बहिणी कशाला तरी खदखदून हसताहेत. आता तो बाहेरच्या खोलीत लावलाय. कुणी आलं की सासूबाई कौतुकाने दाखवतात, "ही माझी बहीण. टोपीवाले आमचे हे."

"आणि कडेला हा धुरकट पट्टा कसला?"

"नवा कॅमेरा आहे ना," सासूबाई सांगतात, "त्यात काहीतरी दोष आहे."