मनवाबाईंची चिमटेस्वारी

घोडपदेव मुक्कामी, चाळीचे दुसरे मजल्यावर, राजश्री कुशाबा यांची नात मनवाबाई, उमर वर्षे तीन, यांनी रंग आणि आकडे कैसे सर केले, ती हकिकत घडली तशी लिहितो. गोड करून सांगणे आमचे खात्यात नाही.

तर शाळेचा खलिता आला, की शनिवारी मुलाखत; लेकराने चार रंग ओळखावे, दहा मोजावे, न जमल्यास प्रवेश नाही. ज्या वयात नाक पुसण्यास दुसरे माणूस लागते, त्या वयात मुलाखत! मागणाऱ्यांस लाज नव्हती आणि जवळपास परवडेल अशी दुसरी शाळा नव्हती. मग मातोश्री अक्षदाबाईंनी मोबाईलवर मसलत पाहिली आणि राजमा, मूग, हरभरे वाट्यांत मांडून रंगांची फौज उभी केली, आणि मनवाबाईंनी हरभरे फस्त केले, मूग उधळले आणि एक राजमा नाकपुडीत रवाना केला, मग डॉक्टर, मग रडारड. शिकस्त पूर्ण झाली.

शुक्रवारी खासा कुशाबा मैदानी उतरले. गिरणीच्या रंगखात्यात तीस वर्षे हात रंगविलेला पुरुष! त्यांनी नातीस खांद्यावर घेतले आणि फर्मान काढले, की गॅलरीतल्या दोरीवरचे चिमटे एकेका रंगाचे धरून आणावे, आजोबा मोजतील, मोजताना मुद्दाम चुकतील, आणि चूक धरील तो सरदार. मग "पाच, सहा, आठ" म्हणताच "आजोबा, सात खाल्लास!" असा दम मिळू लागला, आणि सरदारकीचे कैफात मनवाबाईंनी चिमटा न् चिमटा कैद केला, आणि वाऱ्याने साऱ्या मजल्याचे कपडे खाली चौकात उतरविले.

तेव्हा शेजारच्या सुभद्राबाई, ज्यांच्या आवाजाने तळमजल्याचा रेडिओ बंद होतो, चाल करून आल्या.

"कुशाबानू, ही खंयची शाळा? माझे सात कपडे चौकात पडले!"

मनवाबाईंनी कठड्यातून खाली नजर टाकली, बोट फिरविले आणि निवाडा दिला, "सात नाय, आठ. पिवळा झंपर स्कूटरवर आहे."

सुभद्राबाईंनी मोजले. आठ भरले. मग भांडण अर्धे टाकून, पोरीचा गाल ओढीत त्या हसत सुटल्या, "चेडू भारी हुशार हा!"

शनिवारी शाळेत दरबार भरला. बाईंनी मेजावर रंगीत चेंडू ओतले आणि मोजण्याचा हुकूम केला. मनवाबाईंनी हाताची घडी घातली. बाईंनी शेरा मारण्यास पेन उचलले, आणि अक्षदाबाईंचा चेहरा पडला. तोच मनवाबाईंनी उलट हुकूम सोडला, "तू मोज. मी चूक धरते."

बाईंनी नित्याच्या सवयीने बोट नाचवीत दहा म्हटले.

"नऊच! हिरवा तुझ्या खुर्चीखाली."

बाई वाकल्या. हिरवा सापडला. तीन वर्षांच्या पोरांस नापास करणारी खुर्ची आपल्याच चेंडूंत नापास झाली, हे येथे ठळक लिहून ठेवितो.

येणेप्रमाणे दुपारी बारा वाजता प्रवेश फत्ते झाला. चाळीचे चिमटे ज्याचे त्यास पोचले. एक लाल तेवढा मनवाबाईंचे फ्रॉकास मानाचा म्हणून राहिला, आणि तो सुभद्राबाईंचा असून त्यांनी आजतागायत मागितला नाही.